कार्टलँड पहिले नव्हेत

हुजूर पक्षाचे ब्रिटिश खासदार रोनाल्ड कार्टलँड यांच्यावरचा लेख चांगला आहे, पण त्यात म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या महायुद्धात मारले गेलेले ते पहिले ब्रिटिश खासदार नव्हेत. हुजूर पक्षाचेच रिचर्ड पॉरिट २६ मे १९४० रोजी धारातीर्थी पडले. कार्टलँड गेले ३० मे रोजी, आणि त्यांचा भाऊ अँथनी आदल्याच दिवशी.

कार्टलँड जिथे लढले त्या उत्तर फ्रान्समधल्या कासेलच्या लढाईबद्दल लेखात एकच ओळ आहे, खरी गोष्ट तर तिथेच आहे. ही टेकडी १७६ मीटर उंच, डंकर्कच्या दक्षिणेला. कार्टलँड यांची रणगाडाविरोधी तुकडी टू-पाउंडर तोफांवर होती. ४० मिलिमीटरची ही तोफ फ्रान्समधल्या जर्मन रणगाड्यांना पुरेशी होती. अडचण गोळ्याची: तो भरीव, पोलाद भेदणारा, फुटणारा नाही. त्यामुळे चालून येणाऱ्या पायदळावर तिचा फारसा उपयोग नाही. माघार २९ तारखेच्या रात्री सुरू झाली, तोवर शत्रूने टेकडी घेरली होती. उजाडल्यावर शेतांतून निसटणाऱ्यांपैकी बहुतेक पकडले गेले, काही मारले गेले.

संसदेच्या सुट्टीला विरोध करणारे कार्टलँड यांचे भाषण २ ऑगस्ट १९३९ चे. महिन्याभरात आपल्याला कदाचित लढावे आणि मरावे लागेल, असे ते पंतप्रधान चेंबरलेन यांच्यासमोर म्हणाले होते. त्यावर स्वपक्षीयच चिडले, हेही लेखात यायला हवे होते.