सरपंचांनी 'निधी आणला', म्हणजे नेमकं काय केलं?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच साच्यातला संदेश फिरतो. नाव-फोटो बदलतो, मजकूर तोच: 'आपल्या सरपंचांनी कोट्यवधींचा निधी आणला, घरोघरी नळ दिले, गोरगरिबांना घरकुलं दिली. दुसरा आला तर निधी बंद पडेल. म्हणून हिवरे बाजारसारखी निवडणूक बिनविरोध करा.' आरक्षणाच्या सोडतीत पद महिलेसाठी राखीव झालं, तर हाच मजकूर सौभाग्यवतींच्या फोटोसह येतो.

आधी 'आणला' या शब्दाकडे बघू. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना मिळणारा निधी लोकसंख्या आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने ठरतो. त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्यातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि सरपंचांची पारख खरी तिथे होते. अबंधित पैशातून शाळेची दुरुस्ती झाली की पुन्हा एक कमान उभी राहिली? आमदार-खासदार निधीसाठी पाठपुरावा करावा लागतो, हे मान्य. पण ते श्रेय कुणाकुणात वाटलंय हे फ्लेक्सवरचे फोटो मोजले तरी कळतं.

घरकुलाचं थोडक्यात सांगतो. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्याने थेट जमा होतात, केंद्र आणि राज्याचे मिळून. यादी सर्वेक्षणातून येते आणि ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. सरपंचांनी घर 'दिलं' नाही. यादीतून कुणाचं नाव गाळलं गेलं असेल, तर मात्र तो प्रश्न त्यांना विचारायलाच हवा.

नळाच्या मुद्द्यावर जरा थांबू, कारण संदेशातली सगळ्यात मोठी बढाई तीच आहे. जल जीवन मिशन ही घरोघरी नळाने पाणी देण्याची केंद्राची योजना २०१९ साली जाहीर झाली. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे तिचं माप. महाराष्ट्रात खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा उचलायचा. पाईप टाकून ठेकेदार निघून गेला की खरी परीक्षा सुरू होते. मोटारीचं वीजबिल कोण भरणार? पाणीपट्टी किती घरांकडून वसूल होते? टाकी शेवटची कधी धुतली? पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर वेळेवर पडते का? हे सगळं पंचायतीच्या हातातलं आहे, आणि संदेशात नेमकं याबद्दल एक अक्षर नाही. मतं जातील या भीतीने पट्टीची थकबाकी साचू द्यायची आणि वीज तोडली की महावितरणच्या नावाने ओरडायचं, हाही कारकिर्दीचाच भाग आहे. ज्या सरपंचांनी कटुता पत्करून वसुली केली, त्यांच्या फ्लेक्सवर तो आकडा मी अजून पाहिलेला नाही. खरं तर तोच छापायला हवा.

'दुसरा आला तर निधी बंद' ही तर निव्वळ धमकी. पैसा पंचायतीच्या खात्यात येतो, सरपंचांच्या नव्हे. उलट मुदत संपून निवडणूकच झाली नाही आणि प्रशासक बसला, तर वित्त आयोगाचा निधी अडकतो.

आता हिवरे बाजार, जलसंधारणासाठी नावाजलेलं नगर जिल्ह्यातलं गाव. तिथले सरपंच राहिलेले पोपटराव पवार यांच्या या गावात अनेक वर्षं निवडणूक बिनविरोध झाली हे खरं. पण जानेवारी २०२१ मध्ये तिथेही मतदान झालं आणि त्यांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. मतदान झालं म्हणून त्या गावाचं पाणी आटलं नाही. शिवाय तिथली जलसंधारणाची बरीच कामं रोजगार हमीसारख्या सरकारी योजनांतूनच झाली, ज्या शेजारच्या गावांनाही खुल्या होत्या. वेगळे होते ते निर्णय: शेतीसाठी बोअरवेल नको, ऊस-केळीसारखी पिकं नकोत, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आहे आणि किती वापरायचं याचा हिशेब मांडायचा. तो ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो.

आपल्याकडे ग्रामसभा किती झाल्या, हेही संदेशात सापडत नाही. कायद्याने वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा. इतिवृत्ताची वही पंचायतीत असते. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतो. संदेश पुढे ढकलणाऱ्या मंडळींना मी एवढंच विचारतो: पाच वर्षांत किमान वीस ग्रामसभा व्हायला हव्या होत्या, तुम्ही स्वतः कितींना बसला होतात?