गुरुवारची बॅच

खोली रिकामी करताना वर्षाचा हिशेब आपोआप होतो. सदाशिव पेठेतील आमच्या कॉट बेसिसच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार जूनअखेरीस संपला, तेव्हा माझ्या कॉटखालून एकाच पायाचे तीन मोजे, ढोलाचे एक तुटके टिपरू, मेसची दोन कोरी कुपने आणि एस. वाय. बी.एस्सी.च्या पहिल्या सत्राचे भौतिकशास्त्राचे जर्नल एवढ्या वस्तू निघाल्या. कुपने पाहून हळहळलो आणि जर्नल उघडून अनुक्रमणिकेचे पान वाचत तिथेच फरशीवर बसलो. सन २०२५-२६ मध्ये मी काय केले, असे उद्या कोणी विचारले, तर सही-शिक्क्यानिशी दाखवता येईल असा हा एवढाच पुरावा माझ्याजवळ आहे. आणि सांगायला संकोच वाटतो, पण तो पुरावा जवळजवळ संपूर्ण खोटा आहे.

ज्यांनी वाणिज्य शाखेत सुखाने पदवी घेतली, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास असा हिशेब असल्यामुळे आमच्या दोन क्रेडिटांच्या विषयाला सत्रात साठ तास, म्हणजे आठवड्याला चार तास प्रयोगशाळेत काढावे लागतात. तिथे जे घडले ते जर्नलमध्ये उजवीकडच्या रेघांच्या पानावर शाईने आणि डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचे, आलेख डिंकाने चिकटवायचे, अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रयोगापुढे तारीख घालायची आणि सत्राच्या शेवटी मॅडमकडून जर्नल सर्टिफाय करून घ्यायचे, अशी पद्धत आहे. सर्टिफाय केलेले जर्नल नसेल, तर परीक्षेला बसू देत नाहीत. त्यामुळे प्रयोग न करता जर्नल पूर्ण असलेला विद्यार्थी पास होऊ शकतो, परंतु प्रयोग करून जर्नल अपुरे ठेवणारा पास होऊ शकत नाही. या नियमाचा अर्थ आमच्या बॅचला पहिल्याच आठवड्यात समजला होता.

आमची बॅच गुरुवारची. मी अगदीच प्रयोग केले नाहीत असे मात्र नाही. न्यूटनची वलये, म्हणजे सपाट काचेवर भिंग ठेवले की दिसणारी आणि प्रकाशाची तरंगलांबी काढायला वापरतात ती वर्तुळे, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा लावतात. तो आधी गुलाबी पेटतो आणि पिवळा व्हायला काही मिनिटे घेतो, तोवर सगळे जण चहाचा विषय काढतात. एकदा पिवळा झाला, की त्या प्रकाशात संपूर्ण बॅचला कावीळ झाल्यासारखी दिसते, आणि माझा प्रयोगातील जोडीदार जो लाल शर्ट घालून येतो तो काळपट दिसू लागतो. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मधल्या काळ्या ठिपक्यापासून बाहेरच्या दिशेने वलये मोजायची, विसाव्या वलयापर्यंत जायचे आणि तिथून एकाच दिशेने स्क्रू फिरवीत पलीकडच्या विसाव्यापर्यंत प्रत्येक वलयाचे वाचन घ्यायचे. स्क्रू चुकूनही मागे फिरवायचा नाही. फिरवला तर आट्यांमधल्या ढिलाईमुळे वाचन बिघडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मी चौदाव्या वलयावर असताना जोडीदाराने माझ्या कानाशी येऊन ‘मिसळ खायची का?’ असे विचारले. मी ‘हो’ म्हणालो, आणि ते वलय तेरावे होते की पंधरावे हे आजतागायत कळलेले नाही.

अशा रीतीने बाराही प्रयोगांची वाचने मिसळीच्या आसपास कुठेतरी अर्धवट राहिली, आणि ऑक्टोबर उजाडला. पुढच्या गुरुवारी सबमिशन आहे, असे फलकावर लागले, तेव्हा माझ्या जर्नलमध्ये अप्पा बळवंत चौकातील दुकानाच्या पावतीव्यतिरिक्त काहीही नव्हते. मग सगळे करतात तेच मीही केले, आणि एका सीनियरचे जुने जर्नल मिळवले. या सीनियरने ते त्याच्या सीनियरवरून उतरवलेले होते, त्याने आणखी वरच्यावरून. त्यामुळे या ग्रंथाला गुरुपरंपरा म्हणतात तशी एक परंपरा होती, आणि परंपरेत येतात तसे पाठभेदही होते. सातव्या वलयाचे वाचन बहुधा तीन पिढ्यांपूर्वी गळाले होते आणि नंतर कोणीही ते शोधायला गेले नव्हते. किरणाकृतीच्या एका कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग होता. माझ्या जोडीदाराने तो भिंग समजून कंपासने नीट काढला आणि शेजारी ‘L₂’ असे लिहिले.

मी माझ्या मते त्याच्याहून हुशार होतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम असते, हे पुस्तकात दिलेलेच आहे. जुन्या जर्नलमध्ये उत्तर बरोबर ५८९३ आलेले होते आणि इतके तंतोतंत उत्तर पाहून कोणालाही संशय आला असता. म्हणून मी थोडी चूक होऊ दिली. उत्तर ५८७६ असे ठरवले, तिथून उलट गणित करीत वलयांचे व्यास काढले, व्यासांवरून सूक्ष्मदर्शकाची वाचने काढली आणि दोन-चार आकडे आळीपाळीने वर-खाली केले. या उलट्या गणितात माझी रात्रीच्या दोनपर्यंतची वेळ गेली. प्रत्यक्ष प्रयोगाला दीड तास लागतो.

राहिल्या तारखा. आता प्रत्येक प्रयोग नेमका कोणत्या गुरुवारी केला, हे आठवणे शक्य नव्हते, कारण बहुतेक केलेलेच नव्हते. तेव्हा पहिल्या प्रयोगापुढे १७ जुलै २०२५ ही तारीख घातली आणि पुढे सात-सात मिळवीत गेलो. बारावा प्रयोग, म्हणजे दंडलोलकाने गुरुत्वत्वरण काढणे, बरोबर २ ऑक्टोबरला बसला. बेरीज कुठेही चुकली नव्हती, हे मी आजही ठामपणे सांगू शकतो.

सबमिशनच्या दिवशी मॅडमनी जर्नल घेतले, पाने चाळली आणि न्यूटनच्या वलयांशी थांबल्या. त्या मूळच्या देवगड तालुक्यातल्या आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

‘पाच हजार आठशे शहात्तर,’ त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. ‘अरे, ही तर हेलियमची रेषा. ती पहिल्यांदा दिसली १८६८च्या सूर्यग्रहणात; आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर त्या वेळचे, दुर्बिणी मांडायचे साहेबाचे ओटे दाखवतात आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा करतात. तुला तो आपल्या सोडियमच्या दिव्यात सापडला का?’

मी ‘वाचनात थोडी त्रुटी राहिली असेल’ असे काहीसे पुटपुटलो. आपण मुद्दाम निवडलेला आकडा दुसऱ्याच एका मूलद्रव्याच्या नावे आधीच नोंदलेला असेल, ही शक्यता माझ्या गणितात धरलेलीच नव्हती.

मग त्यांनी अनुक्रमणिका उघडली आणि बोट खालच्या ओळीवर ठेवले.

‘दोन ऑक्टोबर. यंदा दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली, एक सुट्टी बुडाली म्हणून अख्खी स्टाफरूम आठवडाभर हळहळत होती. मी घरी आपट्याची पाने वाटत होते. तू इथे एकटाच लोलकाला झोके देत होतास?’

यावर उत्तर असे नव्हतेच. त्यांचे बोट तिथून एकेक ओळ वर सरकू लागले आणि मला माझे वर्ष उलट्या क्रमाने दिसू लागले. ४ सप्टेंबरला, जर्नलप्रमाणे, मी लेन्सचे नाभीय अंतर काढत होतो. प्रत्यक्षात विसर्जन मिरवणूक परवावर आली होती, पथकाच्या सरावाने माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि मला चमचाही धरता येत नव्हता. २८ ऑगस्टला रबराचे पॉयसन गुणोत्तर होते. प्रत्यक्षात गणपतीचा दुसरा दिवस होता आणि मी कराडला घरी होतो. २४ जुलैला पाण्याचा पृष्ठताण होता. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती आणि गुरुवार पाळणाऱ्यांच्या सोयीसाठी आमच्या खोलीवर गटारी आदल्या रात्रीच साजरी झाली होती, त्यामुळे गुरुवारी ताण होता खरा, पण तो पृष्ठावर नसून पोटात होता. यांपैकी मॅडमना फक्त सुट्ट्याच कळत होत्या, बाकीचे मला एकट्याला आठवत होते. तरीही त्यांच्या बोटाला सर्व काही ठाऊक असल्यासारखे वाटत होते.

शिक्षा सौम्य झाली. अकरा प्रयोगांकडे मॅडमनी उदार मनाने काणाडोळा केला, न्यूटनची वलये पुन्हा लिहून आणायला सांगितली आणि बाराव्या प्रयोगाचे पान फाडून ११ ऑक्टोबरला, शनिवारी, एकट्याने येऊन तो करण्याचा हुकूम दिला.

शनिवारी प्रयोगशाळेत मी आणि लॅबचे मामा असे दोघेच होतो. एक लांब पट्टी, तिला समान अंतरावर भोके, पट्टी एकेका भोकावर धारेला टांगायची आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ घड्याळाने मोजायचा. यात चुकण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. मी लोलक सोडला, ‘एक’ म्हणालो, आणि विसापर्यंत गेलो. दोन तास, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हेच केले. आलेख काढला, आकडे घातले, आणि गुरुत्वत्वरण १०६५ आले. पुस्तकात ९८० आहे. पृथ्वी एवढी जड झाली असती, तर जिन्याने तिसऱ्या मजल्यावर येताना मला जाणवले असते.

मामा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, ‘सोडताना काय म्हणता?’

‘एक.’

‘शून्य म्हणा.’

लोलक सोडतानाच ‘एक’ म्हटले, की एकोणीस आंदोलनांनाच वीस म्हटले जाते, हे कागदावर मांडून पाहिल्यावर मला पटले. मामांना ते कागदाशिवाय पटलेले होते. सगळे पुन्हा केले. दुपारचे अडीच वाजले, मेस बंद झाली, आणि उत्तर आले ९६१. मी पुढचे भोक, मागचे भोक, नवा आलेख असे सगळे करून पाहिले, परंतु ते ९६१ काही हलले नाही. जोडीदाराला फोन केला, तर तो म्हणाला, ‘९७८ कर आणि ये.’ परंतु मॅडम शेजारच्या खोलीत बसल्या होत्या आणि मामा वर्तमानपत्राची घडी घालत होते. मी ९६१ लिहिले, तारीख खरी घातली आणि सही घेतली. त्रुटी जवळजवळ दोन टक्के.

दिवाळीनंतर प्रात्यक्षिक परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून बाह्य परीक्षक आले. त्यांनी माझे जर्नल शांतपणे पाहिले. आकृत्या सुबक, आलेख देखणे, उत्तरे सगळी पुस्तकाच्या जवळपास. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते. शेवटच्या प्रयोगाशी येताच त्यांच्या भुवया आक्रसल्या.

‘बाकी अकरा प्रयोग उत्कृष्ट झाले आहेत,’ ते म्हणाले, ‘याच एका प्रयोगात काय झाले?’

मला खरे तेच सांगावेसे वाटले. ‘सर, हा मी केला,’ असे माझ्या तोंडून निघून गेले. मॅडमना त्याच क्षणी जोराचा खोकला आला. सरांनी तो कबुलीजबाब विनय समजून घेतला असावा, कारण गुण बरे पडले.

दुसऱ्या सत्रासाठी मी निश्चय केला होता, की आधी सुट्ट्या पाहायच्या आणि मग तारखा घालायच्या. पाहतो, तर गुरुवार हा वार यंदा अभ्यासासाठी नव्हताच. २५ डिसेंबरला नाताळ आला तो गुरुवारी. १ जानेवारीला सुट्टी नव्हती, पण बॅचमधले कोणी उठलेलेही नव्हते. १५ जानेवारीला महापालिकेचे मतदान. पुण्यातील लोकांनी मत दिले. माझे नाव कराडच्या यादीत असल्यामुळे मी खोलीवर कांदेपोहे केले. १९ मार्चला पाडवा, त्याच्या पुढच्याच गुरुवारी रामनवमी. मॅडमनी शेवटी वैतागून आमच्या बॅचला दोन शनिवार जादा बोलावले आणि त्यामुळे, केवळ नाइलाजाने, आम्ही पाच प्रयोग प्रत्यक्ष केले. त्या जर्नलमधली उत्तरे इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की त्यांतल्या एका उत्तराप्रमाणे काच ही प्रकाश वाकवण्यात हिऱ्याच्या जवळपास जाते.

असा सगळा विचार करीत मी फरशीवर बसलो असतानाच खालच्या मजल्यावरचा ज्युनिअर दारात उभा राहिला. तो यंदा एस. वाय.ला गेला आहे आणि माझे जर्नल विकत घ्यायला आला होता. रद्दीवाला किलोचा भाव सांगून गेला होता, आणि जर्नल फार तर अर्धा किलो भरले असते. त्यामुळे मी सरळ तीनशे रुपये सांगितले आणि वर मॅडमच्या सहीचे जर्नल आहे, असेही म्हणालो. त्याने पाने उलटली, आकृत्यांना मान डोलावली आणि बाराव्या प्रयोगाशी येऊन थबकला.

‘दादा, हे उत्तर चुकलंय वाटतं. मी उतरवताना ९८० करून टाकू ना?’

‘तुझी मर्जी,’ मी म्हणालो.

‘आणि तारखा? सात-सात मिळवल्या की झालं ना?’

‘तुमची बॅच कुठल्या वारी आहे?’

‘शुक्रवारी.’

२ ऑक्टोबर २०२६ रोजी शुक्रवार येतो. मी तोंड उघडणार होतो, एवढ्यात त्याने खिशातून शंभराच्या तीन नोटा काढल्या आणि त्या तो माझ्यासमोर पुन्हा एकदा मोजू लागला. पैसे मोजणाऱ्या माणसाला मध्येच अडवू नये म्हणून मी थांबलो. पहिली नोट माझ्या हातावर ठेवताना तो ‘एक’ म्हणाला.