पंचेचाळिसावी पायरी

आज सकाळी दोन कॉलेजच्या पोरांनी काखेत हात घालून मला पर्वतीवर नेलं. मला काहीही झालेलं नव्हतं. हे वाक्य मी सकाळपासून चौदा जणांना सांगून झालंय, बायको धरून.

जिमची वर्षाची फी भरून अकरा दिवस गेलेला माणूस मी. कीटो चार दिवस केलं, पाचव्या दिवशी मिसळ. म्हणून यावेळी ठरवलं, झेपेल तेवढंच. पर्वतीला 103 पायऱ्या. पहिल्या आठवड्यात 20 चढायच्या आणि गुपचूप उतरायचं, मग दर आठवड्याला पाच वाढवायच्या. हा सहावा आठवडा, म्हणजे 45. आणि जमतंय हो! पट्ट्याचं एक भोक आत आलंय, कुणाला दिसत नाही ती गोष्ट वेगळी.

पण नेमके पंचेचाळिसाव्या पायरीपाशी एक काका बसलेले असतात. माकडटोपी, हातात थर्मास, रोजच्या तीन फेऱ्या झालेल्या. सोमवारी मी वळलो तर म्हणाले, "काही विसरलात का?"

"नाही, झालं माझं."

"काय झालं?"

"चढून."

काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं. "देव वर आहे."

मंगळवारी माझी नाडी बघितली. बुधवारी खडीसाखर दिली, वर येणाऱ्याजाणाऱ्याला "हे इथेच अडकतात" अशी ओळखही करून दिली. आज मी चिडून सगळं नीट समजावलं, दर आठवड्याला पाच वगैरे. काकांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे अजून बारा आठवडे? अहो, नानासाहेब पेशव्यांनी तुमच्यासारखं बांधकाम काढलं असतं तर देव आज इथे, माझ्या शेजारी बसला असता."

मागे दोघंतिघं हसले. मला पण आलं असतं हसू, पण मी त्या पायरीवर होतो.

"सवय लागायला एकवीस दिवस बास," काका म्हणाले. आता मात्र मी पेटलो. म्हटलं, काका, तो एकवीसचा आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनचा, नवीन नाकाची पेशंटला सवय व्हायला निदान एवढे दिवस जातात असं त्याचं निरीक्षण होतं, लोकांनी 'निदान' गाळलं आणि नाकही गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी 96 जणांना घेऊन खरोखर अभ्यास केला तर सरासरी निघाली 66 दिवस, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर 18 पासून 254 पर्यंत.

काका शांतपणे चहा प्यायले. "म्हणजे तुम्ही ते 254 वाले."

एवढं बोलून त्यांनी हाक मारली, "ए पोरांनो, धरा रे यांना, चक्कर येतीये." मी नाही नाही म्हणत होतो, आणि चक्कर आलेला माणूस नाही नाहीच म्हणतो.

वर टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. काकांनी सेल्फी काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला.

राग याचाच येतो. माझ्या मेहुण्यानं तीन महिन्यांत 12 किलो उतरवले तेव्हा लग्नाकार्यात लोक त्याच्याकडून डाएट लिहून घ्यायचे, पुढच्या सहा महिन्यांत 14 चढले ते कुणी लिहून घेतले नाहीत. आणि मी सहा आठवडे एक दिवस न चुकवता चढतोय तर मी पेशंट. हळू चालणाऱ्याला रस्त्यात कुणी हॉर्न देतं ते कळतं, पर्वतीवर कशाला?

उतरताना गुडघ्यानं राजीनामा दिला. आता पाय उशीवर, बामचा वास घरभर. बायको किचनमधल्या कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभी, माझा आकडा रोज तीच लिहिते.

"काय टाकू, 103?"

म्हटलं, 45 टाक. वरच्या 58 मी चढलो नाही, मला नेलं.