पीओई ऑटोवर टाकलं की झालं का? (प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, एवढी मोठी प्रतिक्रिया टाकलीत त्याबद्दल आधी थँक्यू, रागाने का होईना. तुमचं म्हणणं असं की पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याबिमेऱ्याला वीजही देणारा डबा) आपलं आपण सगळं ओळखतो, पोर्ट ऑटोवर ठेवायचे आणि विसरून जायचं, मी उगाच एकेका पोर्टाचं सेटिंग करायला लावून लोकांना घाबरवतोय.

घाबरवण्याचं मान्य. चालू पोर्टात लॅपटॉप लावला तर जळेल असं मी सरसकट लिहून टाकलं, ते चुकलंच. स्टँडर्डवाला स्विच आधी थोडंसं व्होल्टेज सोडून पलीकडे साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टन्स दिसतो का ते बघतो, दिसला तरच ४८ व्होल्टच्या आसपास सप्लाय देतो, आणि लॅपटॉपात तो नसतो. माझ्या डोक्यात होते ते २४ व्होल्टवाले पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे वायरीत वीज सोडणारे साधे अडॅप्टर, ते काही विचारतबिचारत नाहीत, सरळ सोडतात. पोस्ट दुरुस्त करतो.

पण "विसरून जायचं" हे काय पटत नाही बुवा. देवगडला एका आंब्याच्या पॅकिंग शेडवर ८ पोर्टांचा स्विच आहे, पीओई बजेट (सगळ्या पोर्टांना मिळून देता येणारी वीज) ६५ वॅट, त्यावर सात कॅमेरे आणि एक वायफायचा ॲक्सेस पॉइंट. सगळं ऑटोवर. मालकांचा ऐन सीझनमध्ये फोन, "गेटावरचो कॅमेरो रात्री मरता नि सकाळी जित्तो होता." वायर बदलली, कॅमेरा बदलला, तरी तेच. मग स्विचमध्ये लॉगिन करून बघितलं तर दिवसा एकेक कॅमेरा ४ वॅट खात होता, अंधार पडून आयआर (रात्री दिसायला लागणारे इन्फ्रारेड दिवे) लागले की ८. सात आठे छप्पन्न आणि ॲक्सेस पॉइंटचे १०, झाले ६६! एका वॅटासाठी स्विच शेवटचा पोर्ट तोडायचा, कारण सगळ्यांची प्रायॉरिटी सारखी असली की बऱ्याच स्विचमध्ये मोठ्या नंबरचा पोर्ट आधी जातो, आणि गेटचा कॅमेरा नेमका आठव्यावर. तोडला की बजेट मोकळं, म्हणून परत चालू, आयआर लागले की परत बंद, रात्रभर हाच खेळ. ऑटोने त्याचं काम बरोबरच केलं हो, पण गेट महत्त्वाचं की शेडमधलं वायफाय हे त्याला कोण सांगणार? गेटला क्रिटिकल केलं, ॲक्सेस पॉइंट लो, आणि रात्री ९ नंतर त्याचा पोर्ट शेड्यूलने बंद.

आणि हा स्विच निदान खरा खप मोजणारा होता. क्लासप्रमाणे, म्हणजे कॅमेऱ्याच्या ठरलेल्या वीज-गटाप्रमाणे, राखून ठेवणारा असता तर क्लास ० च्या कॅमेऱ्याला १५.४ वॅट धरले असते, म्हणजे चार कॅमेऱ्यांतच ६१.६ संपले, पाचवा लागलाच नसता. तिथे पोर्टाला लिमिट हातानेच घालावी लागते.

वायर काढण्याआधी पोर्ट बंद करायला सांगितलं त्यावर तुम्ही हसलात, हसा. पण चालू लोडवर वायर उपसली की पिनांवर बारीक ठिणगी पडते, सोन्याचा मुलामा जातो, आणि मग आपली खारी हवा उरलेलं काम करते. पावसाळ्यानंतर हिरव्या पडलेल्या पिना मी टूथब्रशने घासल्यात. म्हणून आधी पोर्टाचं पीओई बंद, मग वायर काढायची.

आणि हो, कॉन्फिग (केलेली सेटिंगं) सेव्ह करा. देवगडला मी प्रायॉरिटी लावून, सेव्ह न करताच ऐटीत घरी आलो, रात्री लाईट गेली, आली, आणि सकाळी मालकांचा परत फोन.