गिझरएवढी वीज

पुण्यातल्या माझ्या मावसभावाच्या सोसायटीत गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, लिफ्टच्या देखभालीचा करार आणि शेवटी भावाने विजेच्या गाडीसाठी मागितलेला ‘पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट’. पहिले दोन विषय वीस मिनिटांत उरकले, तिसरा अडीच तास चालला. सभा चालू असतानाच त्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, “ताई, नॉर्वेत शंभरातल्या नव्वद गाड्या विजेच्या आहेत ना? लवकर सांग.” पाठोपाठ काकांचा फॉरवर्ड आला: बर्फात अडकलेल्या विजेच्या गाड्यांची रांग, खाली ‘युरोपची सत्य परिस्थिती’ असा मथळा. म्हणजे एकाला मी साक्षीला हवी होते, दुसऱ्याला उलटतपासणीला.

मी ऑस्लोजवळ द्रामेनला राहते. आमच्याकडे सहा वर्षांपासून विजेची गाडी आहे आणि ती बदलून पेट्रोलची घ्यावी असं एकदाही वाटलेलं नाही. तरीही कोथरूडच्या सभेत नॉर्वेचा दाखला दोन्ही बाजूंनी देऊ नये, असं माझं मत झालंय.

आधी भावाचा आकडा. २०२४ मध्ये इथे नव्याने विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे विजेच्या होत्या. पण ते फक्त नव्या विक्रीचं गणित. रस्त्यावरच्या एकूण गाड्यांमध्ये विजेच्या गाड्यांनी पेट्रोलच्या गाड्यांना मागे टाकलं तेच मुळी सप्टेंबर २०२४ मध्ये. दोन्ही साडेसात लाखांच्या आसपास होत्या, आणि डिझेलच्या गाड्या तेव्हाही त्यांच्याहून जास्त होत्या.

शिवाय हे काही एका रात्रीत घडलेलं नाही. १९८९ मध्ये इथल्या ‘आ-हा’ या प्रसिद्ध बँडमधले दोघे आणि पर्यावरण चळवळीतला एक कार्यकर्ता विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा घेऊन फिरायचे आणि टोल भरायला नकार द्यायचे. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली, ती यांनीच पुन्हा विकत घेतली. १९९७ मध्ये विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला. २००१ मध्ये त्यांच्यावरचा मूल्यवर्धित कर गेला. पुढे बसच्या राखीव लेनमधून जायची मुभाही मिळाली. दुसऱ्या बाजूने पेट्रोल-डिझेलच्या गाडीवर वजन आणि धूर मोजून असा खरेदी कर, की शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर विजेची महाग राहतच नाही. म्हणजे इथल्या लोकांनी निसर्गप्रेमापोटी गाड्या बदलल्या असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या शेजारच्या आजोबांनी सरळ सांगितलं होतं, “मी मूर्ख नाही, म्हणून विजेची घेतली.”

महाराष्ट्रात मात्र २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. मग ऑगस्टमध्ये अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी आली. माफीला माझा विरोध नाही. पण गाडी दहा वर्षांसाठी घेतली जाते, तेव्हा घेणाऱ्याला पुढच्या दहा वर्षांचं सरकारचं मन कळायला हवं.

आणि इथल्या सरकारला एवढे कर सोडून देणं परवडलं कशामुळे? तेल आणि वायूमुळे. समुद्रातून उपसून जगाला विकलेल्या इंधनाचा पैसा या देशाच्या निधीत साठलेला आहे. तुमच्या टाकीतल्या इंधनाने आमच्या बॅटरीचा खर्च निघतो, असंही कुणी म्हणू शकेल. ही विसंगती इथल्या लोकांना माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर मात्र तिचा विषय कुणी काढत नाही.

आता काकांचा व्हिडिओ. तो कुठला, कुणास ठाऊक. पण थंडीचा मुद्दा खोटा नाही. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून अधिक इंधन उष्णता होऊन वाया जातं, तीच उष्णता हिवाळ्यात गाडी फुकटात गरम करते. विजेच्या गाडीत वाया जाणारं असं फारसं काही नसतं, म्हणून हीटरही बॅटरीतूनच खातो. वर थंडीत बॅटरी स्वतःच आळसावते. तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही डोंगरातल्या हेमसेदालला निघालो. बाहेर उणे अठरा. उन्हाळ्यात चारशेच्या वर जाणारी गाडी स्क्रीनवर दोनशे ऐंशी दाखवत होती, आणि चढ लागला तसा तो आकडा किलोमीटरपेक्षा भरभर उतरू लागला. नवऱ्याने हीटर कमी केला, मुलीने मागून आजीच्या भाषेत “गारठून मरू आपण” असं जाहीर केलं. गोल गावाच्या चार्जिंग स्टेशनवर आमच्यापुढे नऊ गाड्या. सगळं ऑस्लो त्याच दिवशी डोंगरात निघालेलं. एका चार्जरचं ॲप माझं कार्ड घेईना, दुसऱ्याची केबल गोठून काठीसारखी ताठ. पावणेदोन तास गेले. त्या वेळात मी पेट्रोल पंपावरचे तीन सॉसेज-पाव खाल्ले आणि जुन्या डिझेल गाडीची आठवण काढली, हे कबूल करते. पण असा दिवस वर्षातून दोनदा येतो. उरलेले ३६३ दिवस गाडी रात्री घराशी चार्ज होते आणि सकाळी भरलेली मिळते.

खरी मेख इथेच आहे: घराशी. नॉर्वेत घरं विजेवरच तापवतात. उणे वीसमध्ये अख्खं घर ऊबदार ठेवणारी वायरिंग आधीपासून भिंतीत आहे. तिच्यावर रात्री एक गाडी टांगली तर काय मोठंसं. आणि ती वीज बहुतांश धरणांची. माझं माहेर कराडचं. वडील कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजकेंद्राला कसं उतरतं, हे पाहुण्यांना पेन्सिलीने काढून दाखवत. म्हणून मी त्यांना फोनवर सांगितलं, “अप्पा, इथे सगळा देशच कोयनेवर चालतो.” ते म्हणाले, “आणि आपल्याकडे कोयना एक, चंद्रपूरही आहे.”

बरोबरच आहे त्यांचं. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट, चंद्रपूरच्या कोळशाच्या केंद्राची २,९२०. पुण्यातल्या गाडीला धुराडं नसलं तरी तिचा धूर चंद्रपूरकरांच्या छपरावर निघतो. स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेच्या २०२१ च्या अभ्यासात बॅटरी बनवण्यापासूनचा सगळा हिशेब धरून युरोपात विजेच्या मध्यम गाडीचं उत्सर्जन पेट्रोलच्या गाडीपेक्षा ६६ ते ६९ टक्के कमी भरलं. भारतात १९ ते ३४ टक्के. म्हणजे फायदा आहे, पण फार तर युरोपातल्याच्या निम्मा. सौर आणि पवन वाढतील तसा तो वाढेल, आणि जुनी पेट्रोलची गाडी मात्र वयाबरोबर सुधारत नाही. एवढ्यावरून मी घ्या असंच म्हणेन, फक्त ‘प्रदूषणमुक्त’ असं मागच्या काचेवर चिकटवू नका.

सभेत आगीची भीतीही निघाली. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्यात रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांच्या लक्षात आहे. भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण पेटलेली बॅटरी विझवायला खरंच अवघड असते. पण जानेवारी २०२० मध्ये इथल्या स्ताव्हांगर विमानतळाच्या पार्किंग इमारतीत शेकडो गाड्या जळाल्या, तेव्हा पहिला संशय विजेच्या गाड्यांवरच गेला होता. आग लागली होती डिझेलच्या गाडीत. सोसायटीत आग लागेल ती गाडीपेक्षा ओढाताण करून टाकलेल्या वायरीने, तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शनने. परवानगी नाकारली की लोक नेमकं तेच करतात.

आणि सभेत जिच्यावर अडीच तास गेले ती मागणी किती मोठी होती? सात किलोवॅटचा चार्जर डोळ्यांपुढे ठेवून सगळे बोलत होते: भार वाढेल, ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल, खर्च कुणी करायचा. अनेक फ्लॅटचा मंजूर भार त्याहून कमी असतो, हे खरं. पण भाऊ दिवसाला फार तर चाळीस किलोमीटर फिरतो. छोटी गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे त्याला रोज सहा-सात युनिट हवीत. ती पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर, गिझरला असतो तसल्या, तीन तासांत भरतात. रात्री अकरानंतर, सगळे गिझर बंद असताना. स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग, एमसीबी आणि स्वतःच्या मीटरवर जोडणी, एवढंच. सभेत कुणी वायरमनला बोलावलं नव्हतं, नॉर्वेला मात्र बोलावलं होतं.

एक गोष्ट इथून बघताना जास्त खटकते. नॉर्वेने गाडी इतकी स्वस्त केली की अनेक घरांत दुसरी आली. बसच्या लेनमध्ये विजेच्या गाड्यांची गर्दी होऊन बसच अडकायला लागल्या, तेव्हा ती मुभा आखडती घ्यावी लागली. ऑस्लोत २०१९ पासून विजेच्या गाड्यांनाही टोल लागतो. विजेची झाली तरी सिंहगड रोडवर ती तेवढीच जागा अडवणार. सरकारी पैसा मोजका असेल तर तो आधी बसला, रिक्षाला आणि स्कूटरला द्यावा, चाळीस लाखांच्या गाडीला शेवटी. २०२२ मध्ये पुणे–नगर मार्गावर एसटीची विजेवरची ‘शिवाई’ बस सुरू झाली तेव्हा माझ्या इथल्या सहकाऱ्यांना मी फोटो दाखवले होते. स्वतःच्या गाडीचे कधी दाखवले नाहीत.

भावाला मी एवढंच लिहिलं: “आकडे पाठवत नाही. तुमच्या मीटररूमपासून तुझ्या पार्किंगपर्यंत केबल किती मीटर लागेल ते मोजून घे, आणि पुढच्या सभेला वायरमनचा कागद ने.”

रात्री उत्तर आलं. “बेचाळीस मीटर. मधे काकांची स्कूटर.”