आठ हजारचा दगड

माळ्यावरची ट्रंक उतरवली ती पाहुण्यांसाठी जास्तीची चादर काढायला. चादर निघाली आणि तिच्या घडीतून आजोबांचा वस्तरा निघाला. पात्याच्या दांड्यावर पुसट अक्षरं : झोलिंगन, जर्मनी. त्या गावची सगळी ख्यातीच सुऱ्या-वस्तऱ्यांची. आमच्या वस्तऱ्याला धार मात्र चहाच्या चमच्याइतकी उरलेली. म्हटलं, एक दगड आणू, दोन हात फिरवू आणि येत्या रविवारी आजोबांसारखी दाढी करू. ही गोष्ट सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली. आता वैशाख सरत आला, दाढी अजून बाहेरच करून येतो.

पहिला दगड हार्डवेअरच्या दुकानातून आणला.

"वस्तऱ्याला?" दुकानदारानं मला खालून वर पाहिलं. "सुतार लोक नेतात की हो हा. पटाशीला एक नंबर."

कार्बोरंडमचा होता, एक बाजू खरखरीत, दुसरी जरा कमी खरखरीत. पाच मिनिटं घासून भिंगातून पाहिलं, तर धारेच्या जागी करवत. दाढी राहू द्या, बाभळीची फांदी कापली असती.

शेजारचे काका हे सगळं कठड्यावरून बघत होते. "दगड विकत कशाला आणायचा बे? शहाबादी फरशी पडल्याय की अंगणात. घास तिच्यावर." मोठ्या माणसाचा शब्द मोडवत नाही, घासला. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, पोलादापुढं अगदी मऊ. वस्तरा होता तसाच राहिला, फरशीवर तेवढ्या रेघा उठल्या. त्या कुणी मारल्या म्हणून आमच्या धाकट्यानं बोलणी खाल्ली. मी गप्प बसलो.

मग मात्र रीतसर अभ्यास केला, आणि तिथंच फसलो. पॉलिश पेपरला असतो तसा या दगडांनाही नंबर असतो. १००० चा दगड मूळ धार बसवायला, ३०००-५००० चा तिच्यावरचे ओरखडे काढायला, ८००० चा तिला तकाकी आणायला. हजारातला कण साधारण पंधरा मायक्रॉनचा, आठ हजारातला दीड-दोन मायक्रॉनचा. आपला केस सत्तरएक मायक्रॉन जाड धरतात. यापलीकडं १२००० आहेच. शिवाय नैसर्गिक दगडांचं वेगळंच गोत्र. जपानच्या खाणीतले, अमेरिकेतल्या आर्कान्सामधले, बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळा कोटिक्यूल. त्या कोटिक्यूलमध्ये गार्नेटचे बारीक कण असतात. गार्नेट म्हणजे अंगठीतल्या गोमेदाचं भावंडच. दाढी करता करता राहूसुद्धा शांत झाला असता, पण किंमत पाहून माझाच शनी जागा झाला.

शेवटी हजारचा आणि आठ हजारचा असे दोन कृत्रिम दगड मागवले. पार्सल आलं तेव्हा मी आनंदानं ओरडलो, "आला गं, आठ हजारचा दगड आला!"

स्वयंपाकघरात शेंगा कुटत होत्या, तो आवाज थांबला.

"कितीचा?"

"अगं, तो नंबर आहे. किंमत वेगळी."

"वेगळी म्हणजे किती?"

यावर जे बोलणं झालं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानंतर आठ दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी दगड दाखवला जायचा, मग चहा.

हजारचा दगड वापरण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो. बुडबुडे थांबेपर्यंत तो पाणी पीत राहतो. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसांआड. पिण्याचं, वापरायचं, झाडांचं असा भांड्याभांड्याचा हिशेब. त्यात हा दगड बादलीच्या तळाशी डुबुक डुबुक करत बसलेला. आई म्हणाली, "माणसांना नाही आणि धोंड्याला अंघोळ."

घासण्याची रीत ऐकायला सोपी आहे. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. दाब जवळजवळ नाहीच. दगडावर धार पुढं, नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढं. मी पट्ट्यावरही धार पुढं ठेवली. पट्टा म्हणजे माझा लग्नातला कमरपट्टा होता. आता त्याचे दोन आहेत.

शिवाय घासून घासून दगड मधे खोलगट होतो, तो पुन्हा सपाट करायचा. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासायचा. थोडक्यात, वस्तऱ्याला दगड आणि दगडाला पॉलिश पेपर. काच मी फडताळाची घेतली होती. त्यावरही बोलणं झालं.

आणि धार आली का, हे हातावरचे केस उतरवून पाहायचं. महिन्याभरात माझा डावा हात कोपरापर्यंत लख्ख झाला. चुलतभावाच्या लग्नात एक मावशी हात धरून हळूच म्हणाल्या, "भाजलं का रे कुठं?"

शेवटी वस्तरा, दगड सगळं पिशवीत भरून आमच्या नेहमीच्या न्हावीकाकांकडं गेलो. त्यांच्याही दुकानात आता अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो, गिऱ्हाईक उठलं की ब्लेड टाकून द्यायचं. त्यांनी आजोबांचा वस्तरा अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि हसले.

"मालक, आमच्या वडलांच्या धोकटीत एक दगड होता. वर थेंबभर पाणी, झालं काम. हे नंबर-बिंबर कशाला?"

"खरंय," मी म्हणालो. खरं म्हणजे हेच ऐकायला गेलो होतो.

मग त्यांनी आठ हजारचा दगड सहज हातात घेतला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या फेसात बसलेलं, आणि काका दगड उजेडाकडं धरून उभे.

"दोन दिवस राहू द्या हा माझ्याकडं," ते म्हणाले.

त्याला आता तीन आठवडे झाले. वस्तराही तिकडंच आहे. काल रात्री साडेदहाला फोन वाजला, बायकोनंच उचलून माझ्याकडं दिला. पलीकडून दबक्या आवाजात न्हावीकाका विचारत होते,

"मालक, ते बारा हजारचं काय म्हणत होतात तुम्ही?"