फुकटचं काळं तेल

आमच्याकडे एक जुनी चारशेसात, म्हणजे छोटा मालट्रक, आहे. चोपड्याहून रात्री केळी भरून अमळनेर, धुळे करत पहाटे मालेगावच्या बाजारात उभी राहते. भाड्याच्या पैशांतून डिझेल वजा जाता माझ्या हाती जे पडतं, त्याला घरात ‘डिझेलचं उष्टं’ म्हणतात.

अशात गॅरेजात कामाला असलेले आमचे शालक एप्रिलच्या एका रविवारी जेवायला आले. शेवभाजीचा रस्सा ओरपता ओरपता म्हणाले, “दाजी, आम्हना गॅरेजमा जळकं ऑइल फुकट जाई ऱ्हायनं. तुमनी गाडी त्यावर पळी.”

जळकं ऑइल म्हणजे गाड्यांच्या इंजिनातून बदलून काढलेलं जुनं तेल. पंचाईत अशी, की शालक खोटं बोलत नव्हते. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग लागत नाही. हवा दाबून इतकी तापवतात की आत फवारलेलं तेल आपसूक पेटतं. तेल कुठल्या कुळातलं, याची चौकशी होत नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे ऐकून आबा म्हणाले, “मंग शेंगदाणानंच टाक ना!” मी घाण्याच्या तेलाचा भाव सांगितला. आबांनी पान जुळवायला घेतलं.

चार दिवसांत अंगणात २०० लिटरचा काळा ड्रम आला. हे तेल तसंच टाकीत ओतायचं नसतं. आधी आठ-दहा दिवस न हलवता ठेवायचं, म्हणजे गाळ आणि पाणी तळाशी बसतं. मग वरचं उपसायचं, गरम करायचं, गाळायचं. गाळणी म्हणून मी माझी कॉलेजातली जीन्स काढली, दोन्ही पाय खालून गाठ मारून बांधले आणि गोठ्याच्या वाशाला टांगली. पँट भरून फुगली. तिच्या गुडघ्यांतून रात्रंदिवस काळे थेंब ठिबकायचे. शेजारची म्हातारी रोज येऊन बघायची आणि हळहळून जायची, “पोऱ्याले डॉक्टरले दाखाड रे भो.”

गाळूनही पाणी राहिलंय का, हे ओळखायची सोपी खूण आहे: तापल्या तव्यावर थेंब टाकायचा, तडतडला तर पाणी आहे. घरात बिडाचा तवा एकच होता, आणि बायको माहेरी गेली होती. थेंब तडतडला नाही. मला कोण आनंद झाला! तवा मी राखेने तीनदा घासून ठेवला. ती आल्यावर पहिल्या दिवशी कळण्याची भाकरी झाली. आबांनी घास तोंडात घातला, थोडं चावलं आणि विचारलं, “पीठ गिरणीतून आणं का गॅरेजमधून?” बायको काही बोलली नाही. हे जास्त वाईट असतं.

पण गाडी पळाली! चार भाग डिझेल, एक भाग काळं. थोडा धूर, थोडा डांबराचा वास, बाकी तक्रार नाही. मी चौकात उभा राहून इंधनाच्या भवितव्यावर बोलू लागलो. हळूहळू प्रमाण तीनास एक झालं, मग दोनास एक. फुकटची वस्तू कमी वापरली तर जिवाला लागते. दिवाळीपर्यंत मी निम्म्यावर आलो होतो.

आता यात आमच्या खान्देशाची फितुरी लक्षात घ्या. ४० अंशाला डिझेलपेक्षा इंजिन ऑइल पंचवीस-तीस पट घट्ट असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ वर जातो. तेव्हा अंगणातला ड्रमच चुलीवर ठेवल्यासारखा असतो, तेल निमूट वाहतं. प्रयोग मी मेमध्ये केला. गाडी मात्र डिसेंबरातही चालवावी लागते.

अडीच टन केळी, पहाटेचे तीन, लळिंगचा घाट. वर फारुकी सुलतानांचा किल्ला, खाली मी. चढाला लागताच गाडीने पिकअप टाकला, मागे काळ्या धुराचा असा लोट सोडला की मागचा ट्रकवाला दिवे लावून, हॉर्न वाजवून, शेवटी खिडकीतून हात काढून माझ्या घराण्याची विचारपूस करू लागला. मग ती दोनदा खोकली आणि बंद पडली. क्लीनर पोऱ्याने फिल्टर खोलला. आत पावसाळ्यात नाल्याला असतो तसा चिखल. नवा फिल्टर घातला, हातपंप मारून मारून एअर काढली, सेल्फ मारला. बॅटरीने एक उसासा टाकला. पोऱ्या कुडकुडत म्हणाला, “मालक, ही गाडी शे का चूल?”

टोचन लावून धुळ्याला आलो. पंप-नोझलवाल्या मिस्तरींनी इंजिनात तेल फवारणारं नोझल काढून माझ्या तळहातावर ठेवलं. टोकावर काजळीची अशी गाठ, जणू कुणी दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली आहे.

“काय पाजलं हिला?”

मी सांगितलं. जीन्सचाही उल्लेख केला.

ते बराच वेळ हसले. मग समजावून सांगितलं: पंपातल्या प्लंजरची, म्हणजे दट्ट्याची, फट दोन-चार मायक्रॉनची, माणसाचा केस सत्तरच्या आसपास. जीन्समधून काय काय जातं ते तुम्हीच बघा. लोखंडाचा कीस तर गाळण्यात अडकेल एक वेळ, पण ऑइलमध्ये मुळातच मिसळलेलं झिंक, कॅल्शियम असतं, त्याची जळून राख होते आणि नोझलवर बसते. ते कुठल्याच कापडात अडकत नाही. “तुमची गाडी जुनी म्हणून इतके महिने निघाले. नव्या कॉमन रेलवाल्या गाडीने आठ दिवसांत हात टेकले असते. आणि हे जळकं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, नोंदणीवाल्या रिसायकलरलाच द्यायचं असतं. गॅरेजवाल्याला सांगा.”

गॅरेजवाल्याला, म्हणजे शालकांना, सांगायचं काम मी बायकोवर सोपवलं.

केळी मालेगावला दुपारनंतर पोचली, दुसऱ्या गाडीने, पडेल भावाने. रात्री घरी मी वही घेऊन बसलो. पंपाचं काम, चार नोझल, तीन फिल्टर, टोचन, दुसऱ्या गाडीचं भाडं. बेरीज करणार, तोच बायको माजघरातून बाहेर आली, वहीत डोकावली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच या विषयावर बोलली.

“सर्व्यात पहिले तवा लिखा.”